आईसायबांना कट म्हणायचं नसतं

आमच्या घरात न गळणारा कोपरा एकच होता, आणि त्या कोपऱ्यात आम्ही झोपत नव्हतो. तिथं पत्र्याची हिरवी ट्रंक असायची. ट्रंकेत गावच्या नाटकातल्या देवीचा मुकुट, लुगडं आणि गळ्यातली माळ. पावसाची झड लागली की माय पातेली मांडायची, पातेली संपली की तांबे, आणि तांबेही संपले की आम्ही तिघी बहिणी कोरडी जागा शोधत सरकत राहायचो. एकदा मी म्हणाले, "माय, ट्रंक ओलीत ठिव ना. लोखंडाचीच तर हाय. आपण तिथं झोपू."

माय रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ती आईसायबाची जागा हाय. आपली हितं."

साल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी असेल. मी तिसरीत होते. आमचं गाव तीर्थपुरीपासून चालत तासाभरावर. आबा, म्हणजे माझे वडील, तीर्थपुरीच्या मोंढ्यात हमाल होते. दिवसभर पाठीवर ज्वारीची आणि सरकीची पोती, आणि संध्याकाळी घरी आले की मानेच्या घडीत तागाचा भुसा. माय दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. मोंढा बंद असला की भाकरी अर्धी व्हायची, आणि बंद लांबला की मायची भाकरी दिसायचीच नाही. "म्या रानातच खाल्ली," म्हणायची. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांचं तसंच होतं. फरक एवढाच की आमच्या घरात देवीचा मुकुट होता.

तो का होता ते सांगते. आमच्या गावात चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला देवीचं नाटक होतं. गाणं जास्त, बोलणं कमी. गोष्ट साधी. दुष्काळात आईसायब तहानलेल्या बाईच्या रूपात गावात येतात आणि दारोदार पाणी मागतात. मोठी घरं दारं लावून घेतात. शेवटी कुंभाराची बायको घरातला शेवटचा तांब्या त्यांच्यापुढं धरते. आईसायब तिच्याच अंगणात राहतात आणि गावच्या आडाला पाणी येतं. मग डोक्यावरचा पदर बाजूला होतो, मुकुट दिसतो आणि आरती होते. सगळी कामं पुरुषच करायचे. आईसायबांचं काम आबांकडं होतं, त्यांच्या आधी त्यांच्या मामांकडं. काम ज्याचं, त्याच्या घरी मुकुट वर्षभर राहणार, ही रीत.

आणि मुकुट एकदा चढला की आबा आमचे नसायचे. त्यांना नावानं हाक मारायची नाही. ते खात-पीत नाहीत, खाली बसत नाहीत. माय त्यांच्या पाया पडायची आणि बाजूला सरकायची, जशी कुणाही देवापुढून सरकावी. आरती झाली, मुकुट ट्रंकेत गेला, की आबा पहिलं पाणी मागायचे, आणि तेव्हा माय म्हणायची, "आले बाई एकदाचे."

नाटकासाठी आबा दरवर्षी महिनाभर आधी मिशी काढायचे. मोंढ्यातले बाकीचे हमाल त्यांना सोडत नव्हते. "काय वं वैनी, पोतं झेपतंय का? का मी धरू एका अंगानं?" आबा पोतं पाठीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "तू धरशील, पण मंग गाणं कोण म्हणंल?" शाळेत मला मात्र असं उत्तर सुचत नव्हतं. वर्गात गेले की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, "देवीची पोरगी आली, नवस बोला." त्या रागानंच मी शिकले असेन. रागानं शिकलेलंही टिकतं.

बारावीनंतर मी जालन्याला कॉलेजात गेले. जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानाच्या वर आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो. मोंढ्यातून धान्याचा ट्रक जालन्याला निघाला की आबा त्यावर बसून यायचे, पिठाची पिशवी माझ्या हातात द्यायचे आणि त्याच ट्रकनं परत जायचे. जिना चढून वर कधी आले नाहीत. "मुलींच्या खोलीत काय काम माझं." मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि गल्लीतलीही पहिली. पदवीचा कागद आबांनी दोन्ही हातांनी धरला, उलटसुलट बघितला आणि ट्रंकेत मुकुटाखाली ठेवला. "तिथंच काय ते कोरडं राह्यतं," म्हणाले. मला कुणी विचारलं, तुमची पदवी वडिलांनी कुठं ठेवली होती, तर मी आजही हे मान वर करून सांगते.

पुढं बी.एड. केलं, जालन्यातच शाळेत लागले. एका सुट्टीत औरंगाबादला सिनेमा कसा बघावा, कसा करावा, असं आठ दिवसांचं शिबिर होतं. त्याला गेले. तिथून मी एक जाड वही आणि मोठं डोकं घेऊन आले. शॉट म्हणजे काय, क्लोजअप म्हणजे काय, कट म्हणजे काय, सगळं मला कळलं असं मला वाटत होतं.

त्या काळात आमच्या जत्रेत तंबूचं टॉकीज यायचं. नाटक सुरू झालं की अर्धे लोक उठून तंबूत जायचे. मी ते दरवर्षी बघत होते. आबा इकडं गात आहेत आणि तिकडून मारामारीचे आवाज येत आहेत. माझ्या मनात आलं, आईसायबांनाच त्या पडद्यावर न्यायचं. मग बघू कोण उठून जातं. दोन-तीन वर्षं हे नुसतं मनात राहिलं. घाई नव्हती. आबा गातच होते.

दोन हजार साल उलटल्यावरची गोष्ट. संक्रांतीला घरी गेले तर आबांचा आवाज बसलेला. मायनं सांगितलं, दिवाळीपासून असाच आहे. मी त्यांना जालन्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "स्वरयंत्रावर गाठ आहे. काढावी लागेल, आणि कसली आहे ते तपासायला पाठवावं लागेल." तीन आठवड्यांनंतरचा सोमवार दिला. तोवर घशाला आराम, ओरडायचं नाही, गायचं नाही.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"बोलता येईल, असं वाटतं. गाण्याचं मी काही सांगत नाही."

रिक्षात बसल्यावर आबांनी उपरणं गळ्याभोवती गुंडाळलं. मग म्हणाले, "वहीत नुसते शब्द हायेत, बाई. चाली कुठं हायेत?"

ते बरोबर होतं. नाटकाची हस्तलिखित वही गुरवाकडं होती, पण चौदा पदांच्या चाली कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. मामांच्या गळ्यातून त्या आबांच्या गळ्यात आल्या होत्या, आणि आबांकडून घेणारा कुणी उभाच राहिला नव्हता. कोण मिशी काढणार? ते सोमवारी दवाखान्यात गेले असते आणि चौदा पदं त्यांच्याबरोबर गेली असती. मी परत फिरून डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, एकदा गायले तर? डॉक्टर म्हणाले, "मी डॉक्टर आहे, पोलीस नाही. पण एकदा म्हणजे एकदा."

आता मला घाई झाली. शाळेत रजा टाकली आणि चार दिवसांत नाटकाचा सिनेमा लिहिला. सूत्रधाराचे जुने विनोद काढले, वन्समोअर काढले. ज्या पदात आबा रंगमंचावर नुसते उभे राहून गातात, तिथं मी आड दाखवला, भेगाळलेली जमीन दाखवली. एकूण चौसष्ट शॉट. ती वही मी अजून ठेवली आहे. अक्षर इतकं सुंदर आहे की मलाच हसू येतं.

जत्रेच्या बाहेर मुकुट चढवायचा तर गुरवाला विचारणं भाग होतं. गुरव म्हणाला, "दिवस कोणताबी चालंल. फकस्त एक. मुकुट चढला की आरतीपर्यंत उतरायचा न्हाई, आन खेळ मधी तुटायचा न्हाई." मी मान डोलावली. मी ऐकलं होतं, पण समजले नव्हते. मला वाटलं, ही पाळण्याची गोष्ट आहे, पाळू आपण.

आबांना म्हटलं, "मुकुट शेवटीच दिसतो. तोवर पदराखालीच असतो. मग शेवटच्या सीनलाच घाला की. घशाला त्रास, त्यात डोक्यावर वजन कशाला?"

"मंग आधी दारोदार हिंडणारी ती कोण?"

"आईसायबच."

"मुकुट नसंल तर ती भिकारीण. लोकांला दिसू नाही तर न दिसू, मला ठाव पाहिजे का न्हाई?"

मी म्हटलं ठीक आहे, पहिल्यापासून घाला.

कॅमेऱ्यासाठी जुन्या जालन्यातले एक भाई मिळाले. अरुंद गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वीस वर्षं ते लग्नांचं शूटिंग करत होते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "माशाल्ला, मॅडम, लई मेहनत." आणि वही मिटून परत दिली. हे जमणार नाही, ते त्यांना तेव्हाच दिसलं असणार.

पहिल्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात सगळे जमले. आबांना मुकुट चढला. नारळ फुटला. हार्मोनियमवाल्या मास्तरांनी सूर दिला. हे मास्तर आबांच्याच वयाचे, तिसेक वर्षांची साथ. आबा वेशीकडून चालत आले आणि त्यांनी पहिल्या पदाची पहिली ओळ म्हटली. आवाज खरखरला, पण लागला. माझा पहिला शॉट एवढाच होता.

मी म्हणाले, "कट."

भाईंनी कॅमेरा बंद केला. आबा थांबले नाहीत.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत म्हणाले. आबांनी दुसरी ओळ घेतली. मास्तर माझ्याकडं बघत होते, बोटं मात्र आबांच्या मागं. मी पुढं झाले, हात वर केला. आबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या आरपार बघितलं. ती माझ्या ओळखीची नजर होती. लहानपणापासून वर्षातून एकदा मी ती बघत आले होते. मग पहिल्या दाराशी पाणी मागणं, मग दुसरं दार, मग कुंभारीण. आईसायबांनी सुरू केलं म्हटल्यावर बाकीचे नटही आपापल्या जागी येऊन कामं करायला लागले. कॅमेरा बंद; तो चालू करायला सांगायचं मला सुचलंच नाही. अडीच तास अख्खं नाटक झालं, आरतीपर्यंत. मी एका दगडावर बसून बघत होते. एकही शॉट झाला नव्हता आणि डॉक्टरांनी दिलेलं 'एकदा' संपलं होतं.

मुकुट ट्रंकेत गेला. आबा पाणी प्यायले. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाले, "बोल आता. मघा काय म्हणून राह्यली व्हतीस?"

"कट, आबा."

"कुणाला?"

मी वही मिटली.

"आईसायब दारात उभी हाय, आन तिला म्हणायचं थांब जरा, पुन्यांदा ये. गुरवानं तुला सांगितल्तं. म्याबी सांगितल्तं."

"मला वाटलं, सिनेमाचं वेगळं असतं."

"असंल," आबा म्हणाले. "तू शिकलेली हायेस."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती, आवाज अजिबात नाही.

भाई निघायच्या आधी आमच्या ओट्यावर चहा घेत बसले. त्यांनीच सुरुवात केली. "मॅडम, एक बात बोलू? राग मानू नका."

"बोला."

"काझीसाहेब निकाह पढून राह्यलेत, आन मी म्हनलो, रुको जी, कॅसेट बदलायची हाय, तर मला जेवण भेटंल का? तुमच्यात बी अक्षता पडल्या की पडल्या. फोटो बराबर आला न्हाई म्हणून परत पाडता का?"

"नाही."

"मंग आमी काय करतो? दोन कॅमेरे. एकाची कॅसेट संपत आली की दुसरा चालू. शादी कुणासाठी थांबत न्हाई. कॅमेरेवाला पळतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमचे वालिद थांबणार न्हाईत. बिलकुल न्हाई थांबणार. मंग आपणच पळू. माझा भाऊ दुसरा कॅमेरा धरंल. फकस्त ते कागद बाजूला ठिवा."

मी चौसष्ट शॉट लिहिले होते. ते बाजूला ठेवताना मला काय वाटलं ते शिकलेल्या माणसालाच कळेल. पण त्यातही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्या वहीप्रमाणं आबांना प्रत्येक पद चार-चार वेळा गावं लागलं असतं, एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा बाजूनं. पहिल्याच सकाळी त्यांचा आवाज संपला असता. त्यांच्या रीतीनं निदान एका वेळेत भागलं होतं. बी.ए., बी.एड. होऊन हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढचे आठ-नऊ दिवस आबा अजिबात बोलले नाहीत. माय म्हणायची, "तीस वर्षांत येवढं सुख न्हाई भेटलं." आणि गरम पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवायची. त्या दिवसांत मी सिनेमा नव्यानं लिहिला, पण कागदावर नाही. खेळ आता पटांगणात न करता गावच्या खऱ्या गल्ल्यांतून, चालत, न थांबता करायचा होता. आबा आणि मी सकाळी वेशीपाशी जायचो. मी पद मनात म्हणत चालायचे आणि ते कुठं संपतं तिथं चुन्यानं खूण करायचे. पहिलं पद वेशीपासून आडापर्यंत पुरत होतं. तिसरं थोरल्या घरांची गल्ली संपायच्या आतच संपत होतं, म्हणून तिथं वळसा घेतला. आबा शेजारी मुक्यानं चालायचे, बोटांनी मांडीवर ठेका धरून. जिथं लांब सूर आहे तिथं माझा दंड धरून मला थांबवायचे. चालता चालता तो सूर घेता येत नाही, दम पुरत नाही. पोतं घेऊन चालताना दम कुठं घ्यायचा हे हमालाला कळतं, तसंच हे. त्या चुन्याच्या खुणा हीच माझी खरी पटकथा.

मास्तरांचा प्रश्न राहिला. पेटी चालणार कशी? त्यांनी ती पट्ट्यानं गळ्यात अडकवली. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही मागं राहा आणि कॅमेऱ्याकडं बघू नका."

"मंग लोकांला कळन कसं, पेटी म्या वाजवून राह्यलो?"

"शेवटी नाव लिहू पडद्यावर."

"आपल्या गावात वाचतं कोण?" मास्तर म्हणाले. सिनेमात ते अकरा वेळा कॅमेऱ्याकडं बघतात. मी मोजलं आहे.

सोमवारी दाखल व्हायचं होतं. या वेळी डॉक्टरांना विचारायची माझी छाती झाली नाही. शुक्रवारी सकाळी आबांनी हळूच सूर लावून बघितला. आला. पूर्वीचा नव्हता, पण आला. मुकुट चढला. डोक्यावर पदर आला. भाई एका बाजूला, त्यांचा भाऊ दुसऱ्या बाजूला, दोघं उलटे चालत. मी तोंडावर पदर घट्ट धरून मागं. तोंडातून चुकून तो शब्द निघू नये म्हणून.

वेस झाली, आड झाला. पहिल्या थोरल्या घराचं दार लागलं. दुसऱ्या घराच्या दारात फेटेवाला नट उभा होता. त्यानं आईसायबांना हाकलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिला दिसायला कमी होतं, ऐकू मात्र सगळं यायचं. ती थेट दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आईसायब, ह्याच्याकडं काय मागता? ह्याच्या बापानं बी कुणाला दिलं न्हाई. घ्या."

गर्दीत हसू फुटलं. फेटेवाला नट खरोखरच ओशाळला. पाणी इथंच मिळालं तर कुंभारणीच्या तांब्याला अर्थ काय? आबा पाणी पिऊ शकत नाहीत, मुकुट आहे. नाही म्हणू शकत नाहीत, आईसायब दारात आलेल्या कुणाला नाही म्हणत नाहीत. आणि थांबता तर येतच नाही. भाईंनी कॅमेऱ्याआडून एक डोळा माझ्याकडं लावला. मी पदर आणखी आवळला.

आबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. म्हातारीच्या दारात निंबाचं रोपटं होतं, तिथं वाकून सगळं पाणी त्याच्या मुळाशी सोडलं. रिकामा तांब्या तिच्या हातात दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वळून पुढचं पद धरलं. ते पद तहानेचंच होतं. जणू नाटकात हे पहिल्यापासून लिहिलेलंच होतं, फक्त आत्तापर्यंत कुणी केलं नव्हतं.

कुंभाराच्या अंगणात शेवटच्या लांब सुरावर आवाज फाटला. एकदाच. आबांनी डोळे मिटले, दम घेतला आणि तोच सूर खालून उचलला. मग आरती. आरतीला अख्खं गाव गातं, तिथं त्यांच्या आवाजाला खांदा मिळाला. मुकुट उतरला, ट्रंकेत गेला. आबांनी खुणेनं पाणी मागितलं आणि माय म्हणाली, "आले बाई एकदाचे."

मला अजून सुटल्यासारखं वाटत नव्हतं. कॅसेटवर काही आलंच नसेल तर? भाईंनी ओट्यावर बसून कॅसेट मागं फिरवली आणि कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. बोटभर चौकटीत आबा चालत येत होते आणि कानात त्यांचा आवाज होता. भाई म्हणाले, "सब बराबर हाय, मॅडम. आता रडायचं असंल तर रडून घ्या, पण कॅमेरा द्या हिकडं, भिजंल."

सोमवारी आबा दाखल झाले, गाठ निघाली, तपासायला गेली. आठ दिवसांनी कागद आला. गाठ साधी होती. डॉक्टर ते सांगत असताना मायनं एकदम खुर्चीत अंग सोडून दिलं, पोतं उतरवल्यावर हमाल बसतो तशी. आवाज परत आला तो बोलण्यापुरता, जाडसर, कमी. गाणं आलं नाही. आबांनी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "झालं की," म्हणाले, "गाऊन झालं."

चैत्री पौर्णिमेला तंबूच्या मालकाला भेटले. त्यानं दिवस मावळतीचा पहिला खेळ आम्हाला दिला. जालन्याहून प्रोजेक्टर आणला. तंबू भरला. बायका चपला बाहेर काढून आत आल्या. टॉकीजमध्ये असं पहिल्यांदाच झालं. पडद्यावर वेस दिसली, आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर आपलीच." म्हातारीचा प्रसंग आला तेव्हा टाळ्या पडल्या. ती पुढं बसली होती. शेजारणीला म्हणाली, "मला काय दिसून न्हाई राह्यलं. पण तांब्या माझाच हाय ना?"

शेवटी पदर बाजूला झाला आणि सगळे उठून उभे राहिले. गुरव पेटतं निरांजन घेऊन पडद्यापुढं गेला आणि ओवाळायला लागला. तंबूचा मालक मागून ओरडत होता, "पडद्याला लागंल, पडद्याला लागंल." कुणी ऐकलं नाही. आरती तुटत नसते.

आबा मायच्या शेजारी बसले होते. तीस वर्षं नाटक केलं, पण स्वतःला त्यात बघितलं कधीच नव्हतं. मी विचारलं, "कसं वाटलं, आबा?"

ते म्हणाले, "चाल लई जड हाय माझी. पाठीवर पोतं असल्यासारखी."

माय म्हणाली, "म्या कव्हाची सांगून राह्यले."

तंबूतून त्या खेळाला कुणी उठून गेलं नाही. त्यानंतर दरवर्षी जत्रेत पहिला खेळ आमचाच असतो. दोन मुलं त्यावरून पदं शिकली. त्यातल्या एकानं मिशी काढली, आणि ट्रंक आता त्याच्या घरी आहे. माझी पदवी मी त्याआधी काढून घेतली. नाटकाचा सिनेमा एक तास पन्नास मिनिटांचा झाला. त्यात चौदा पदं आहेत, आणि चौदाही आबांच्या आवाजात आहेत.